चिठ्ठीत निघाले जावईबापू

चिठ्ठी उघडली आणि पोटात गोळाच आला. वहीच्या चौकटीच्या कागदावर, निळ्या बॉलपेननं, सूनबाईच्या गोलगोल अक्षरात लिहिलं होतं: 'जावईबापू'.

मी घडी केली, इकडेतिकडे पाहिलं आणि चिठ्ठी गुपचूप परत डब्यात टाकता येते का याचा अंदाज घेतला. पण खोबऱ्याचा तो डबा सूनबाईनं पोटाशी धरलेला. "काका, आता बदलायची नाही हं," ती पुण्याच्या गोड आवाजात म्हणाली, आणि डबा पुढच्याकडे गेला.

ही सूनबाई म्हणजे माझ्या पुतण्याची बायको. लग्नाला दीड वर्ष झालेलं. दोघं पुण्याला कंपनीत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी गावी आली आणि म्हणाली, यंदा बड्या दिवसाला आपण घरात 'सीक्रेट सांता' खेळू. माणसं चौदा, चिठ्ठ्या चौदा. नियम तीन. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला भेट द्यायची, तीनशे रुपयांच्या आत. देणाऱ्याचं नाव शेवटपर्यंत गुपित. आणि स्वतःचीच चिठ्ठी निघाली तर मुकाट्यानं परत टाकायची. त्यांच्या ऑफिसात दरवर्षी करतात म्हणे, फार मजा येते. येत असेल. ऑफिसात जावई नसतो.

नागपूरकरांच्या, म्हणजे बहीण-जावयाच्या चिठ्ठ्या घरातल्या सगळ्यात धाकट्या पोट्ट्यानं उचलल्या आणि मोबाईलवर फोटो काढून त्यांना पाठवल्या. पोट्टं पहिलीत. फोटो काढता येतो, वाचता येत नाही; गुपिताला याहून चांगला कारकून मिळणं नाही.

मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावानं, सगळ्यात शेवटी हात घातला. वय अठ्ठ्याहत्तर. चष्मा कपाळावर, चिठ्ठी हातभर लांब धरलेली. बराच वेळ पाहिली. मग बोळकं पसरून हसले आणि चिठ्ठी बंडीच्या आतल्या खिशात घातली.

"निघालं काय वो बाबा कोनाचं?" मी विचारलं.

"निघालं बाप्पा. चांगला मानूस निघाला."

मला हेवा वाटला.

आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती. १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवताचं १९५६ वं साल म्हणून ज्याला छपन्नचा म्हणतात, तो वऱ्हाडावर पडला तेव्हा पोरकी झालेली पुष्कळ पोरं मिशनच्या आश्रमांत वाढली. आमचा पणजा त्यातलाच. देव बदलला, प्रार्थना बदलली, पण जावयाच्या मानाला मिशनरी लोकांनाही हात लावता आला नाही. आणि आमचे जावईबापू बँकेत साहेब. लग्नात आहेराचं सफारीचं कापड त्यांनी बोटानं वीत घालून मोजलं होतं. अशा माणसाला तीनशेच्या आत काय देता? आणि तेही नाव न सांगता, म्हणजे दिल्याचं श्रेयही नाही!

तसं पाहिलं तर बड्या दिवसाच्या भेटीनं आमच्या घरी कधी कोणाचं भलं केलेलं नाही. (गावात नाताळ कोणी म्हणत नाही, बडा दिनच म्हणतात. नाताळ हा शब्द पोर्तुगीजांचा. कोकणातून घाट चढून वऱ्हाडापर्यंत येता येता दमला असावा.) पहिली भेट पणज्याचीच. त्या काळी परदेशातल्या मंडळ्या वापरलेले कपडे पिंपांत भरून मिशनला पाठवायच्या. अशाच एका पिंपातून पणज्याच्या वाट्याला काळा लोकरी ओव्हरकोट आला, घोट्यापर्यंत लांब. आमच्या भागात असा कोट अंगावर सोसवेल असे दिवस वर्षातून मोजून पंधरा. पण भेट ती भेट, म्हणून पणजा तो वैशाखातल्या रविवारीही घालून देवळात बसायचा. पुढं कोट आजोबांकडे आला. आजोबा शहाणे, त्यांनी तो ज्वारीतल्या बुजगावण्याला चढवला आणि वर पांढरं मडकं ठेवलं. पाखरं काही भ्याली नाहीत, पण पांदणीनं जाणारे लोक लांबूनच "सलाम साहेब" म्हणून जायचे. हे मोठ्या बाबांचं सांगणं. दरवर्षी सलाम करणारे वाढतात. मागच्या वर्षी त्यांत एक तहसीलदारही आला.

बाबूजींनी मायला दिलेली भेट मात्र माझ्या डोळ्यांदेखतची. बीटी कपाशी २००२ साली आली, त्याच्या आधीचे दिवस. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, आणि डिसेंबरात तीच अळी तुरीच्या शेंगांवर आणि हरभऱ्याच्या घाट्यांवर चढली. हिला कपाशीवर बोंडअळी म्हणायचं आणि हरभऱ्यावर घाटेअळी. अळी एकच, नुसतं नाव बदलून दोनदा लुटते. त्या वर्षी उपासनेहून घरी आल्यावर बाबूजींनी मायच्या पुढ्यात एक मोठं खोकं ठेवलं. वर लाल रिबन. मायनं रिबन सोडली, नीट गुंडाळून ठेवली (तेवढी तिला आवडली) आणि खोक्यातून काढला पाठीवरचा फवारा पंप. पंधरा लिटरचा, दांडी-नळीसकट.

"कसा काय?" बाबूजींनी विचारलं. चेहरा असा, की जणू पैठणीच आणली.

माय काही बोलली नाही. पण पुढच्या बड्या दिवसाला तिनं बाबूजींना प्रेशर कुकर दिला, पाच लिटरचा. झाकणावर मशीननं नाव कोरून आणलेलं, बाबूजींचंच, 'सप्रेम भेट' सकट. बाबूजी जाऊन नऊ वर्षं झाली. पण आजही वरण लावायचं असलं की माय माझ्या बायकोला म्हणते, "बाबूजींचा कुकर घे वो."

तेव्हापासून माझ्या लक्षात यायला लागलं, की आमच्या घरात देणारा दुसऱ्याचं नाव घालून स्वतःला हवं ते आणतो. एक मूर्तिजापूरची आत्या तेवढी वेगळी. तिला स्वतःला काहीच नको असायचं, फक्त सुया चालवायला हव्यात. ती बड्या दिवसाला शकुंतलेनं यायची. मूर्तिजापूर ते अचलपूर ही नॅरोगेज गाडी कशी चालायची हे ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटणार नाही. उतरून हरभरा उपटावा, दोन घाटे खावेत आणि पुन्हा त्याच डब्यात चढावं. आत्या मूर्तिजापूरला बाहीचे टाके घालायची आणि अचलपूरला उतरेपर्यंत बाही पूर्ण. जाताना दुसरी बाही. माप कोणाचंच घेत नसे. गाडीला लागेल तेवढी बाही. १९९४ साली वाफेचं इंजिन गेलं, डिझेल आलं, आणि त्या वर्षीपासून आमच्या स्वेटरांच्या बाह्या कोपराच्या खाली येईनाशा झाल्या.

असो. तर जावईबापू.

आमच्या गावचा बाजार मंगळवारी. शाळा सुटल्यावर (मी शेजारच्या गावी मास्तर आहे, घरची सहा एकर शेती उरलेल्या वेळात) पिशवी घेऊन निघालो. थंडीचा बाजार भरलेला. हरभऱ्याच्या कोवळ्या भाजीचे ढीग, भरताची वांगी, खुरपी-विळे, गुळाच्या भेल्यांवर माश्या, आणि दोरीवर लटकलेल्या कानटोप्या, मफलर, चादरी. मी मनातल्या मनात एकेक वस्तू जावईबापूंच्या हाती देऊन पाहत होतो. टॉवेल? टॉवेल सगळे मोठ्या बाबांना देतात. त्यांच्या ट्रंकेत सतरा टॉवेल आहेत, प्लास्टिकमधून न काढलेले. पाकीट? पाकीट रिकामं देऊ नये म्हणतात, आत अकरा रुपये तरी लागतात, आणि बँकेच्या साहेबाला अकरा रुपये देणं म्हणजे नवं भांडण. त्यांचा फोटो छापलेला कप? त्यासाठी फोटो हवा, फोटो बहिणीकडे, आणि बहिणीला सांगणं म्हणजे नागपूर आकाशवाणीला सांगणं.

शेवटी चौकातल्या जनरल स्टोअरमध्ये शिरलो. दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "काय दाखवू मास्तर?"

"एका मानसाले द्याले काही पायजे."

"केवढा मानूस हाय?"

"असंल पन्नाशीचा."

"टक्कल हाय?"

मी थोडा थांबलो. "हाय."

"मंग जावई हाय," तो म्हणाला. "ए पोट्ट्या, खुर्ची दे मास्तरले."

तीन प्रश्नांत गुपित गेलं. मी बसलो. चहा आला. चहाबरोबर घरातल्या बाकीच्या गुपितांचा हिशेबही आला, न मागता. माझ्या धाकट्या भावानं काल एक कानटोपी नेली. ती माझ्यासाठी. "मापासाठी माह्या डोक्शात घालून पाह्यली, म्हने दादाचं डोक्शं तुह्यापेक्षा मोठं हाय, एक नंबर वरची दे." पुतण्यानं आईसाठी, म्हणजे माझ्या वहिनीसाठी, दाणे भाजायची कढई नेली. माझ्या बायकोनं नेलेली लेडीज शाल कोणासाठी आहे ते त्याला कळलं नव्हतं, आणि याचं त्याला फार वाईट वाटत होतं. "तुमाले मालूम असंल ना?" त्यानं आशेनं विचारलं. मला कुठं मालूम! त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की हा माणूस बायकोशी बोलतो की नाही.

काउंटरवर काचेखाली एक वस्तू होती. डोक्याला पट्ट्यानं बांधायची बॅटरी. पुढं दिवा, मागं चार्जिंगचा डबा. त्यानं ती माझ्या कपाळावर बांधली आणि दुकानातला लाईट मालवला. समोरच्या बरण्यांत साबुदाण्याचा दाणा न् दाणा दिसला. आमच्याकडे शेतीच्या पंपाची लाईन काही दिवस दिवसा येते, काही दिवस रात्री. गव्हाला पाणी द्यायचं म्हणजे एका हातात फावडं, दुसऱ्या हातात बॅटरी, आणि बारं फोडायला तिसरा हात कुठून आणायचा? बॅटरी तोंडात धरून मी तीन हंगाम काढले. दाताच्या खुणा आहेत तिच्यावर. ही डोक्याला बांधली की दोन्ही हात मोकळे. पट्टा ताणला की कितीही मोठं डोकं बसतं. दोनशे ऐंशी रुपये.

"बांधून दे," मी म्हणालो.

घरी आल्यावर बायकोनं पुडकं हातात धरून नुसतं दाबून पाहिलं. "जावईबापूंच्या नागपूरच्या बंगल्यात गहू पेरला काय?"

"जावईबापू कोन म्हने? गुपित हाय थे."

"दुकानदाराची बायको दुपारीच सांगून गेली. आन् हे बॅटरी तुमाले पायजे होती, हे सांगाले तं दुकानदारही लागत नाई."

मी बाबूजींचा मुलगा आहे, त्याला मी काय करू?

संध्याकाळी बहिणीचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली आणि शेवटी सहज म्हणून, "दादा, ते उजेडाचं काही घेतलं असशील तर पांढरा घे बरं, पिवळ्या उजेडानं त्यांचं डोकं दुखते."

चोवीस तारखेच्या रात्री पोट्टे ढोलकी-पेटी घेऊन घरोघर गाणी म्हणत फिरले. दर घरी चहा, त्यामुळे शेवटच्या घरांना गाण्यापेक्षा परसाकडची घाई जास्त ऐकू येते. पंचवीसला उपासना, मग जेवण. मटणाचा रस्सा, ज्वारीच्या भाकरी, मोठ्या आईच्या करंज्या. पाळकसाहेब जेवायला होते. त्यांनी भेटींचा विषय निघाला म्हणून बाळ येशूला पाहायला आलेल्या मागी लोकांची, म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांची, गोष्ट काढली. ते किती होते हे बायबलात सांगितलेलं नाही, पण आणलं काय ते लिहिलं आहे, सोनं, ऊद आणि गंधरस, म्हणाले. त्यावर सूनबाई म्हणाली, "बाळाला काय उपयोग त्याचा?"

मोठी आई मिशनच्या दवाखान्यात एकतीस वर्षं दाई होती. ती करंज्यांचं ताट खाली ठेवून म्हणाली, "काऊन नाई? ऊद धुरीले. आन् गंधरस म्हंजे आपला बोळ. बाळंतबोळ. बाळंतिनीलेच देतेत थो. सोनं अडल्या-नडल्याले. बराबर आनलं त्यायनं. घरून निंगताना कोन्या तरी बुढीले इचारून निंगाले असतीन." पाळकसाहेब विचारात पडले. पुढच्या रविवारी हे उपदेशात येणार, असं मला तेव्हाच वाटलं, आणि आलंच.

मग ओसरीवर सतरंजी टाकून भेटी वाटल्या. सूनबाई मोबाईलवर यादी घेऊन मधोमध. मी माझी कानटोपी उघडली आणि "अरे वा, हे कोनं देल्लं बाप्पा!" असं इतक्या मनापासून म्हणालो, की पहिलीतलं पोट्टंही हसलं. धाकट्या भावानं संध्याकाळीच ती मागून नेली, गाडीवर परतवाड्याला जायचं होतं म्हणून. अजून परत आलेली नाही. वहिनीची कढई तिच्या लेकानं दुसऱ्याच दिवशी दाणे भाजायला उतरवली. शाल निघाली मोठ्या आईला. पण मोठ्या आईच्या पांढऱ्या केसांना तो गुलाबी रंग शोभत नाही, असं माझ्या बायकोनंच सगळ्यांना पटवून दिलं आणि शाल जड मनानं आमच्या खोलीत घेऊन आली.

सूनबाईला मिळाले डिंकाचे लाडू. एक किलो, स्टीलच्या डब्यात, वरून बदाम. देणारं कोण हे आंधळ्यालाही कळलं असतं. "थंडीसाठी ना आजी?" सूनबाईनं भोळेपणानं विचारलं.

"हाव माय, थंडीसाठीच," मोठी आई म्हणाली आणि पुतण्याकडे पाहत राहिली. पुतण्या मोबाईलमध्ये गेला.

जावईबापूंनी पुडकं सोडलं. मी श्वास धरला. त्यांनी बॅटरी फिरवून पाहिली, किंमतीची चिठ्ठी शोधली (मी खरवडली होती), डोक्याला बांधली आणि लावली. टकलावर पट्टा असा बसला, जणू माप घेऊन शिवला. मग दिवसभर ती उतरवली नाही. दुपारी झोपलेल्या माणसांच्या तोंडावर उजेड पाडला, माळ्यावर जाऊन मांजरीची पिल्लं मोजून आले, संध्याकाळी रस्सा गरम केला तर त्यातली नळी उजेडात शोधली. बँकेतला माणूस इतका खूश मी लग्नातही पाहिला नव्हता. आणि निघताना, गाडीत बसल्यावर, त्यांनी ती उतरवून माझ्या हातात दिली. "तुमच्याकडेच राहू द्या दादा. आमच्याकडे लाईन जात नाही." मी एकदा नाही म्हणालो. दोनदा म्हणायची रीत आहे, पण त्यांनी ऐकलं असतं तर?

हे नंतरचं झालं. ओसरीवर शेवटी उरले मोठे बाबा. त्यांचं पुडकं वर्तमानपत्रात बांधलेलं, वरून सुतळीच्या चार गाठी. नखांनी एकेक गाठ सोडवत त्यांनी इतका वेळ लावला, की पाळकसाहेब घड्याळ पाहायला लागले. आणि निघाला पितळेचा पानाचा खल. मुठीएवढा, बत्त्यासकट, नवा कोरा, पिवळाधम्मक.

"अरे बाप्पा!" मोठे बाबा म्हणाले. "मले हेच पायजे होतं!"

मोठ्या आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. जुना खल दोन वर्षांपूर्वी तिनंच भंगारवाल्याला दिला होता. दात गेले तेव्हा पानही गेलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून बाबा अंजनगावची पानं खिशात ठेवून नुसती हुंगायचे.

"हे कोनं देल्लं?" तिनं सगळ्यांवरून नजर फिरवली. दाईची नजर, एकतीस वर्षं तिनं भल्याभल्यांना खोटं बोलू दिलं नाही. "कोनं देल्लं?"

"आता थे सांगता येते काय?" मोठे बाबा पान काढत म्हणाले. "नियमच तसा हाय. गुपित."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मी नाही. भाऊ नाही. जावईबापूंनी डोक्यावरचा दिवा एकेकाच्या तोंडावर मारून विचारलं, कोणीच नाही. सूनबाईनं यादी खालून वर, वरून खाली तपासली. चौदा भेटी, आणि देणारे कबूल झाले तेरा. तिच्या ऑफिसात असं कधी झालं नव्हतं म्हणे. इकडे बाबांनी पान, चुना, कात, सुपारी खलात घालून कुटायला सुरुवात केली होती. टक टक टक टक.

"पण मोठे आजोबा," सूनबाई मोबाईलमध्ये बघतच म्हणाली, "पितळेचा एवढा जड खल तीनशेच्या आत येतो का?"

"कायचा येते वो माय," बाबा कुटता कुटता म्हणाले. "तीनशे चाळीस पडले. लय घासाघीस केली, एक रुपया कमी करत नोहता लेकाचा."

खलाचा आवाज थांबला.